कातळाचा कौल

कार्ल्याच्या चैत्यगृहात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेले काही छोटे प्राकृत लेख आहेत. दान कोणी दिले, काम कोणी केले, एवढेच ते सांगतात. त्यांपैकी एका लेखात धेनुकाकट या गावच्या सामी नावाच्या कारागिराने इथले दार घडवल्याची नोंद आहे. लेखात त्याला ‘वढकी’ म्हटले आहे. वढकी म्हणजे सुतार. हिंदीतला ‘बढई’ त्याच शब्दाचा वंशज. म्हणजे भारतातल्या सर्वांत मोठ्या चैत्यगृहाचे दगडी दार घडवणारा माणूस जातीचा लाकूडकामगार होता. पितळखोऱ्याला एका यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या कण्हदासाचे नाव आहे आणि तो सोनार आहे. कोंडाण्याच्या लेण्यात कण्हाचा शिष्य बलक याचे नाव मोठ्या शिल्पाच्या मस्तकाशेजारी कोरलेले आहे. महाराष्ट्रातले पहिले लेणे कोरले गेले तेव्हा ‘पाथरवट’ असा पिढीजात, मुरलेला वर्ग इथे तयार झालेला नसावा, असे या लेखांवरून वाटते. लाकूड ज्यांच्या हातात बसले होते आणि सोने ज्यांना वळवता येत होते, ती माणसे काळ्या कातळासमोर उभी राहिली. पुढच्या हजार वर्षांत त्या कातळाने त्यांना काय शिकवले, हा या लेखाचा विषय आहे.

साहित्य म्हणजे कलावंताच्या हातातली मुकी वस्तू, कल्पना त्याच्या डोक्यात असते आणि ती या वस्तूवर उमटते, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. मला ती अपुरी वाटते. महाराष्ट्रातल्या लेण्यांचा, देवळांचा, गडांचा आणि घरातल्या जात्यापाट्याचा इतिहास पाहिला तर आकार ठरवताना माणसाइतकाच दगडाचाही वाटा होता असे दिसते. कोकणात देवाला कौल लावतात. प्रश्न माणसाचा असतो, पण उत्तर त्याच्या हाती नसते आणि आलेले उत्तर मानावे लागते. कारागीर आणि कातळ यांचे नाते मला तसे दिसते. हे म्हणणे टिकायचे असेल तर त्यावरच्या आक्षेपांनाही उत्तरे द्यावी लागतील. त्याआधी कातळाची ओळख करून घेऊ.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला. एकदा वाहून थांबला नाही, पुन:पुन्हा वाहिला. एक थर थंड व्हायचा, त्यावर दुसरा पसरायचा. आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या थरांनी झाकलेला आहे आणि पूर्व विदर्भ, दक्षिण कोकण असे काही भाग सोडले तर महाराष्ट्राची भूमी म्हणजे बेसॉल्ट या काळ्या खडकाचे हेच थर. हे थर जवळजवळ आडवे आहेत, आणि पुढचे सगळे या एका गोष्टीवर उभे आहे. काही थर घट्ट, एकसंध, काळेभोर. काही थरांत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि त्या पुढे पांढऱ्या झिओलाइटने, गारगोटीने भरल्या. विहीर खोदणारे याला मांजऱ्या खडक म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा दिसतो. पाऊस मऊ थर झिजवतो, कठीण थर कड्याच्या रूपाने उभा राहतो आणि डोंगराला पायऱ्या पडतात. युरोपीय भूशास्त्रज्ञांनी या खडकाला ‘ट्रॅप’ हे नाव दिले ते जिन्यासाठीच्या स्वीडिश शब्दावरून. लोहगड-विसापूरकडे कोणत्याही पावसाळी सकाळी पाहिले तर या नावाचे वेगळे स्पष्टीकरण लागत नाही.

आता त्या सुतारांकडे परत जाऊ. भाज्याचे चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले. त्याचे खांब सरळ उभे नाहीत, वरच्या टोकाला आत झुकले आहेत. लाकडी मांडवात वासे बाहेर रेटतात म्हणून खांब आत कलते रोवावे लागतात. डोंगराच्या पोटातल्या पोकळीला अशा रेट्याची भीतीच नसते, तरी खांब झुकले, कारण कोरणाऱ्याच्या मनातली इमारत अजून लाकडाची होती. छताला खऱ्या सागवानी कमानी बसवल्या, त्यांनी काहीही तोलले नाही. दर्शनी भाग तर लाकडाचाच होता. तो केव्हाच गेला आणि त्याच्या खाचा उरल्या. कार्ल्याला आलो की दीडदोनशे वर्षांत काय घडले ते दिसते. सुमारे ३८ मीटर लांबीच्या त्या दालनात लाकडी कमानी आणि स्तूपावरची लाकडी छत्री अजून आहे, पण खांब आता सरळ उभे आहेत. ते जाडजूड आहेत, एकमेकांच्या जवळ आहेत आणि त्यांच्या माथ्यावर हत्ती आणि स्वार बसले आहेत. वजन मिरवणारा खांब हा लाकडाचा विचार नव्हे. तो दगडाकडून आला. ज्या वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे काम पुरे केल्याचे लेख सांगतो, त्या लेखात या वास्तूला ‘सेलघर’ म्हटले आहे, शैलगृह. घर हा शब्द राहिला, पण ते शैलाचे आहे हे अभिमानाने सांगावेसे वाटू लागले होते.

बेसॉल्ट कठीण आहे, आणि त्याच्या कठीणपणाने कलेला एक अगदी वेगळे वळणही दिले, याची चर्चा फारशी होत नाही. वालुकाश्म छिन्नीखाली कणाकणाने सुटतो. त्याचा पोत एकसारखा असल्याने त्यात बारीक काम करता येते. बेसॉल्ट कपचे काढतो, मध्येच झिओलाइटचा गठ्ठा लागला की ऐन नाकाशी खळगा पडतो. अजिंठ्याच्या कारागिरांसमोर हाच खडक होता. त्यांनी भिंत गुळगुळीत करायचा हट्ट सोडला. छिन्नीचे घाव तसेच ठेवले, कारण खडबडीत पृष्ठभागावर गिलावा घट्ट धरतो. मातीत भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून तो गिलावा चढवला, त्यावर पातळ पांढरा हात दिला आणि त्यावर चित्रे काढली. जगातली एक श्रेष्ठ चित्रपरंपरा उभी राहिली त्यामागे वाकाटक राजा हरिषेणाचे वैभव होते, त्याचा अमात्य वराहदेव याचे दान होते, बौद्ध संघाची श्रद्धा होती. आणि भिंत कोरून पुरत नाही, ती लिंपावी लागते, ही अडचणही होती. रंगांची कथा याहून बोलकी आहे. तांबडा आणि पिवळा लोहयुक्त मातीचा, काळा काजळीचा, हिरवा हिरव्या मातीचा. ही हिरवी माती बेसॉल्टच्याच पोकळ्यांत सापडते. ज्या दगडाने चित्रासाठी भिंत दिली त्यानेच रंगही पुरवले. निळा मात्र त्याच्याकडे नव्हता. तो बदक्शानच्या खाणीतल्या लाजवर्दाचा, शेकडो कोसांवरून व्यापाऱ्यांनी आणलेला. स्थानिक काय आणि आयात काय, याचा हिशेब आजही त्या भिंतीवर वाचता येतो.

वेरूळचे कैलास लेणे या युक्तिवादाची खरी कसोटी आहे, कारण त्याचा आकार इथल्या दगडातून निघालेला नाही. पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराशी त्याचे साम्य सर्वमान्य आहे. विरूपाक्ष आठव्या शतकाच्या पूर्वार्धातले, चालुक्यांचे, वालुकाश्माचे चिरे एकावर एक रचून पायापासून शिखरापर्यंत चढवलेले. चालुक्यांना हरवणाऱ्या राष्ट्रकूटांनी तो आराखडा वेरूळला आणला. पहिल्या कृष्णाच्या, म्हणजे साधारण ७५६ ते ७७३ या काळात, मुख्य काम झाले. आणि इथे सगळी क्रिया उलटी झाली. डोंगराच्या माथ्यावरून तीन बाजूंनी चर खोदत खाली उतरायचे, आधी शिखर, मग सभामंडपाचे छत, मग भिंती, सर्वांत शेवटी हत्तींची रांग. काढलेला दगड दोन लाख टनांच्या आसपास असावा असा एक अंदाज आहे, काही अभ्यासक त्याहून जास्त सांगतात. मागची भिंत तीस मीटरच्या आसपास उंच. परांची लागली नाही, चिरे वाहून आणावे लागले नाहीत, पण चूक दुरुस्त करण्याची सोयही उरली नाही. तुटलेल्या चिऱ्याच्या जागी दुसरा चिरा बसवता येतो, तुटलेल्या डोंगराला ठिगळ लागत नाही. हे धाडस एकसंध, जाड थर आहे याची खात्री असल्याखेरीज कोणी केले नसते, आणि ती खात्री वेरूळच्याच डोंगरात आधीच्या दोन शतकांहून अधिक काळ कोरीवकाम केल्याने आली होती. आकार पाहुणा होता, रीत कातळाची. ८१२ सालच्या बडोदे ताम्रपटात, हे देऊळ पुरे झाल्यावर आपण हे कसे केले याचा खुद्द ते करणाऱ्यालाच अचंबा वाटला, अशा अर्थाचे वर्णन आहे. राजस्तुतीचा भाग वगळला तरी त्यात एक खरी गोष्ट राहते. त्या काळच्या लोकांनाही इथे नेहमीपेक्षा वेगळे काही घडले आहे हे कळले होते.

डोंगर कोरणे मागे पडले आणि देवळे बांधली जाऊ लागली, तेव्हा याच दगडाने आणखी एक रीत घालून दिली. अंबरनाथचे शिवमंदिर १०६० सालचे, शिलाहारांचे. सिन्नरचे गोंदेश्वर यादवकाळातले. या देवळांचे जड चिरे चुन्याशिवाय, खाचा आणि कुसे एकमेकांत गुंतवून बसवले आहेत. लोक या पद्धतीला तेराव्या शतकातल्या हेमाद्रीचे, म्हणजे हेमाडपंताचे नाव देतात. अंबरनाथचा कालच सांगतो की पद्धत त्याच्या आधीची आहे. बेसॉल्ट जड आहे आणि दाबाखाली सहसा फुटत नाही, म्हणून चिऱ्याचे वजनच चिऱ्याला जागेवर धरते. इथे कोणी खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर पुढे करील. तिथले गुळगुळीत गोल खांब आणि नाजूक नक्षी पाहिली तर बेसॉल्टने बारीक काम नाकारले असे कसे म्हणायचे? प्रश्न रास्त आहे. दगडाने ते काम नाकारले नाही, महाग केले. बेलूर-हळेबीडच्या होयसळ शिल्पींच्या हाती मऊ शिळा होती, ती कोरताना लोण्यासारखी आणि वाऱ्याने कठीण होणारी, म्हणून तिथे भिंतीचा वीतभर तुकडा रिकामा राहिला नाही. आपल्याकडे खिद्रापूर अपवाद ठरले. सामान्य गावातले यादवकालीन देऊळ मोठे कोन, खोल सावल्या आणि मोजके कोरीव पट्टे यांवर उभे राहिले. त्याला ‘साधे’ म्हणण्याची आपल्याला सवय लागली आहे. मला ते साधेपण दगडाच्या किमतीचा नेमका अंदाज वाटतो.

मुख्य आक्षेप मात्र याहून मोठा आहे. दगडच जर आकार ठरवत असेल तर तो दगड इथे सहा कोटी वर्षे होता, मग लेणी दोन हजार वर्षांपूर्वीच का सुरू झाली आणि हजारेक वर्षांनी का थांबली? इनामगावचे उत्खनन याला अर्धे उत्तर देते. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पंधरा वर्षे खणलेल्या या जोर्वे संस्कृतीच्या गावात तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी मातीच्या आणि कुडाच्या घरांत राहत होते. त्यांना याच खडकाने काय दिले? त्याच्या पोकळ्यांतली गारगोटीची जात, जिची लहान धारदार पाती त्यांनी बनवली. त्यांचे तांबे बेसॉल्टपुढे टिकणारे नव्हते. कातळ कोरायला लोखंड लागते आणि पोलादी टोकाच्या छिन्न्या पुन:पुन्हा पाजवणारा लोहार जवळ लागतो. मग लागतो पैसा, आणि तो नाणेघाट, बोरघाट यांसारख्या वाटांवरून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जाणाऱ्या व्यापारातून आला. कार्ल्याच्या लेखातल्या सिंहदत्त गांधिकासारखे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्यासारखे, दाते तिथूनच आले. मग लागतो वर्षाकाळी एका जागी राहणारा भिक्षुसंघ. म्हणजे प्रश्न विचारणारे सगळे मानवी इतिहासाचे होते, हे मान्यच आहे. माझे म्हणणे एवढेच की उत्तरांची यादी कातळाने आखलेली होती. माळव्यातली बाघ लेणी याचा पुरावा आहेत. काळ जवळजवळ अजिंठ्याचा, चित्रांची शैली त्याच कुळातली, तोच धर्म. पण बाघचा खडक वालुकाश्माचा आणि ठिसूळ. छते कोसळली, चित्रे बहुतेक गेली. राजे, भिक्षू आणि चित्रकार तिथेही होते, उणा पडला तो डोंगर.

गडांची गोष्ट थोडक्यात सांगता येण्यासारखी नाही, तरी इथे एकच बाजू पाहू. आडव्या थरांचा डोंगर झिजला की माथ्यावर सपाटी राहते आणि कडेला ताशीव कडा. किल्ल्याला तट बांधायचा तो जिथे निसर्गाने कडा दिला नाही तेवढ्याच जागी. शिवनेरीच्या पोटात बौद्ध लेणी आहेत आणि माथ्यावर गंगा-जमना टाकी. भिक्षूंना जो कडा एकांतासाठी हवा होता तोच किल्लेदाराला बचावासाठी उपयोगी पडला. पाण्याचे गणितही थरांचेच. पोकळ्यांच्या, भेगांच्या थरातून झिरपलेले पाणी खालच्या घट्ट थरावर येऊन अडते आणि त्या सांध्यावर टाके खोदले की ते उन्हाळ्यातही भरलेले राहते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्याआधी पाणी पाहावे, नसेल तर खडक फोडून तळी-टाकी करावीत, एका झऱ्यावर विसंबू नये, असा उपदेश आहे. टाक्यातून निघालेला दगड तटाला लागे, म्हणजे एकाच खोदकामातून पाणी आणि भिंत दोन्ही मिळत. २०२५ साली युनेस्कोने बारा मराठा दुर्गांना जागतिक वारशात घेतले. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत. या यादीच्या उत्सवात रणनीतीची चर्चा पुष्कळ झाली, डोंगराच्या थरांची फारशी झाली नाही.

घाट उतरून कोकणात गेले की हाच खडक वेगळ्या रूपात भेटतो. उष्ण, ओल्या हवेत बेसॉल्ट कुजत जातो आणि लोह-ॲल्युमिनियमचा तांबडा, सच्छिद्र जांभा उरतो. जमिनीतून काढताना तो कुऱ्हाडीने तासता येतो आणि हवेवर कडक होतो, म्हणून त्याचे चिरे पाडणे सोपे. ‘चिरेबंदी’ हा शब्द कोकणी माणसाच्या स्वप्नातल्या घराला चिकटला तो याच सोयीमुळे. पण जांभ्यावर चेहरा कोरता येत नाही, त्याची छिद्रे रेषा खाऊन टाकतात. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची कातळशिल्पे पाहा. हत्ती, मासे, माणसे, सगळी बाह्यरेषेत, जमिनीवर आडवी, कित्येकदा प्रचंड मोठी. जांभ्याने जेवढे दिले तेवढेच त्या अनाम लोकांनी घेतले, आणि तेवढ्यातच मोठे काम केले. पुढच्या काळातल्या देवळांनी जांभ्यावर चुन्याचा गिलावा चढवला आणि त्या ओल्या गिलाव्यावर तांबडी काव लावून, खरवडून चित्रे काढली. कोकण-गोव्याची ही कावी कला अजिंठ्याशी काहीही संबंध नसताना अजिंठ्याच्याच वाटेने गेली. दगड बारीक काम घेत नाही, म्हणून गिलावा आला. गिलावा आला, म्हणून चित्र आले. जुन्या गोव्यातली बासिलिका ऑफ बॉम जीझस १६०५ साली पुरी झाली. तिच्या भिंती जांभ्याच्या, पण दर्शनी भागावरच्या कोरीव कामासाठी बेसॉल्ट वसईहून समुद्रमार्गे आणला. पोर्तुगीज वास्तुकारांनी आराखडा युरोपातून आणला होता, तरी रेष कुठे उमटेल हे त्यांनाही इथल्या दगडालाच विचारावे लागले. विसाव्या शतकाच्या मध्यात बाहेरचा गिलावा काढून टाकला गेला, तांबडी भिंत उघडी पडली. पर्यटकांना ती आवडते, पण उघडा जांभा पावसात झिजतो आहे आणि गिलावा परत चढवावा असा आग्रह जतनतज्ज्ञ धरत आहेत.

लेणी आणि चर्च हा मोठ्या माणसांचा इतिहास झाला. दगडाचा सर्वांत दीर्घ वापर घरात होता आणि तो बायकांच्या हाताखाली होता. दख्खनची काळी माती म्हणजे झिजलेला बेसॉल्ट. गावाच्या भाषेत पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. त्या काळीत जोंधळा पिकायचा आणि तो दळायचा जात्यावर, ज्याच्या दोन्ही तळ्या त्याच दगडाच्या. जात्याचा दगड निवडणे हे शिल्पाचा दगड निवडण्याइतके नाजूक काम होते. मऊ दगड पिठात कच सोडतो, भाकरी दाताखाली कचकचते. फार गुळगुळीत दगडावर दाणा घसरतो, फुटत नाही. म्हणून घट्ट काळा दगड घ्यायचा आणि तो झिजून गुळगुळीत झाला की टाकी लावून घ्यायची. पाट्याचेही तसेच. टाकी लावणारा किंवा लावणारी दारोदार हिंडायची आणि त्यांची आरोळी मराठी शहरांतही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ऐकू यायची. या दगडाच्या वजनाने एक काव्यप्रकारही घडवला. जड तळी फिरवायला दोघी लागत, फेरीला ठरावीक वेळ लागे आणि ओवीची लय त्या फेरीशी जुळली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमा झाल्या. विजेची चक्की आली तेव्हा बायकांचे कष्ट वाचले, त्याबद्दल कोणी हळहळण्याचे कारण नाही. पण ओवी नवी रचली जाणे त्याच दशकांत आटले, हेही खरे आहे.

आता सगळ्यांत अवघड आक्षेप. दगड टिकतो म्हणून आपल्याला दगड दिसतो. लाकूड, माती, बांबू, कापड, चामडे नाहीसे झाले आणि उरलेल्या दगडाकडे पाहून आपण ‘दगडांची संस्कृती’ उभी करतो, असे कोणी म्हटले तर ते खोडून काढता येत नाही. शनिवारवाडा हेच सांगतो. १७३२ साली वास्तुशांत झालेल्या त्या वाड्याची लाकडी दिवाणखान्यांची, महिरपींची सारी शोभा १८२८ च्या आगीत गेली आणि आज दिसतात ती जोती, तट आणि दरवाजे. पुण्याचा पेशवाई वाडा मुळात लाकडाचा, विटांचा आणि खाली दगडाच्या जोत्याचा होता. माझे उत्तर असे, की हा आक्षेप माझ्या मुद्द्याच्या बाजूने जास्त बोलतो. वाड्याच्या कारागिराने ओल चढू नये, वजन पेलावे म्हणून खाली दगड घेतला, हलकेपणासाठी वर वीट घेतली, लांब गाळ्यासाठी सागाची तुळई घेतली. ‘दगडापेक्षा वीट मऊ’ ही म्हण त्याच निवडीच्या रोजच्या अनुभवातून आली. आणि हरवलेल्या लाकडी इमारतींबद्दल आपल्याला जे काही थोडे कळते, त्यातले पुष्कळसे भाज्याच्या झुकलेल्या खांबांनी जपून ठेवले आहे.

हे सगळे ज्ञान कोणाच्या अंगात होते हेही सांगितले पाहिजे, नाहीतर ‘कातळाने शिकवले’ हे वाक्य सुंदर पण खोटे होईल. दगड फोडणारे, वाहणारे गाडी वडार. मातीचे काम करणारे माती वडार. जाती, पाटे, मूर्ती घडवणारे जाते वडार किंवा पाथरवट. आज शासनाच्या यादीत वडार विमुक्त जातींत मोडतात. कातळ कुठून फुटेल, भेग कोणत्या दिशेने जाईल, पहार कुठे लावायची, हे त्यांना आवाजावरून कळते. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे वर चढली ती पंचवीस बोगदे खोदून, आणि कामाच्या ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक मजूर घाटात राबत होते. पटकीने आणि अपघातांनी त्यांतले किती तरी मेले. त्याच मार्गावरचा एक दगडी पूल १८६७ मध्ये कोसळला. दगड घाटातलाच होता, बांधणी निकृष्ट होती. साहित्य चांगले असून पुरत नाही, याचा इतका ठळक दाखला दुसरा नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातले लाखो शेतकरी, त्यांत बायका मोठ्या संख्येने, दुष्काळी कामावर खडी फोडायला बसले. काळीत ज्यांनी आयुष्यभर पेरले त्यांच्या पिढीला त्या काळीच्या मूळ दगडाशी अशी ओळख झाली. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण दगडाविषयी बोलते. टाकी धरणाऱ्या हातांविषयी ती काही बोलत नाही, आणि आपल्या कलेच्या इतिहासग्रंथांनीही बहुधा तेच केले आहे. सामी, कण्हदास आणि बलक यांची नावे कोरली गेली, म्हणून ती उरली.

आज या दगडाचा सर्वांत मोठा उपयोग खडी म्हणून होतो. काँक्रीटमध्ये आणि रुळांखाली तो नुसते वजन म्हणून जातो, त्याच्या जातीचा, थराचा, आवाजाचा प्रश्न येत नाही. त्याचे वाईट मानण्याचे कारण नाही, रस्ते आणि घरे लागतातच. नुकसान होते ते दुसरीकडे. गावोगावच्या जुन्या काळ्या देवळांवर जीर्णोद्धाराच्या नावाखाली ऑइलपेंटचे थर चढतात, सांध्यांत सिमेंट भरले जाते, गाभाऱ्याला फरश्या लागतात, अंगणातले वीरगळ पायरीत बसवले जातात. आठशे-नऊशे वर्षे जे चिरे चुन्याशिवाय एकमेकांवर बसून उन्हापावसात किंचित हलत आणि सावरत राहिले, त्यांना ताठ सिमेंटने जखडले की आत शिरलेले पाणी बाहेर पडत नाही आणि दगडाला सांध्यापाशी भेगा जातात. रंगाचा थर दगडाचे श्वास घेणे थांबवतो, आणि तो काढायला वाळूचा मारा केला तर कोरीव कामच जाते. ज्यांना हे कळते ते पाथरवट अजून आहेत, जात्यांना आणि पाट्यांना गिऱ्हाईक नाही म्हणून ते थडग्यांच्या पाट्या आणि तुळशीवृंदावने घडवून पोट भरतात. तुमच्या गावात देवळाच्या जीर्णोद्धाराची सभा भरेल तेव्हा सिमेंटचा आणि रंगाचा ठराव मांडण्याआधी पुरातत्त्व खात्याला पत्र लिहा, आणि पंचक्रोशीतल्या एखाद्या पाथरवटाला बोलावून त्याला त्या भिंतीवर हातोडीने हलकेच वाजवून पाहू द्या.